वीस तिकिटांत हाऊसफुल्ल

एका नाट्यप्रयोगाचं ऑनलाइन बुकिंग सकाळी १० वाजता उघडायचं आहे. दहा रांगा, प्रत्येकी वीस खुर्च्या, एकूण २०० जागा. प्रसंग उदाहरणासाठी रचलेला आहे. त्यातलं पायथॉनचं वागणं मात्र जसंच्या तसं खरं आहे.

१७ तास बाकी : आदला दिवस, संध्याकाळी ५:००

जागांचा तक्ता तयार करणारी ओळ लिहिली जाते : तक्ता = [[०] * २०] * १०. शून्य म्हणजे जागा रिकामी, एक म्हणजे विकलेली. आतल्या गुणाकारानं वीस शून्यांची एक रांग बनते. बाहेरचा गुणाकार आणखी नऊ रांगा बनवत नाही. त्याच रांगेचा पत्ता दहा वेळा लिहून ठेवतो. एकाच घराला दहा पाट्या लागल्या.

१६ तास बाकी : संध्याकाळी ६:००

तक्ता स्क्रीनवर छापून पाहिला जातो. दहा ओळी, प्रत्येकीत वीस शून्यं. बरोबर बांधलेला तक्ताही हुबेहूब असाच दिसतो. दोन्ही == लावून ताडले तरी उत्तर ‘ट्रू’ येतं, कारण ते चिन्ह फक्त आतला मजकूर जुळतो का एवढंच पाहतं. वस्तू एकच आहे का, हे विचारायला ‘इज’ लागतं. तक्ता[०] इज तक्ता[१] असं विचारलं असतं, तर ‘ट्रू’ या उत्तरानं चूक तिथेच पकडली असती.

१५ तास बाकी : संध्याकाळी ७:००

तीन चाचण्या होतात, दर वेळी नव्या तक्त्यावर. रिकाम्या जागा २०० आहेत? आहेत. क-७, म्हणजे तिसऱ्या रांगेतली सातवी खुर्ची, विकल्यावर तक्ता[२][६] मध्ये (पायथॉन शून्यापासून मोजतो) १ येतो? येतो. पहिली रांग निमंत्रितांसाठी राखली, तर बाकीच्या रिकाम्या राहतात? राहतात.

तिसरी चाचणी सर्वांत फसवी आहे. तक्ता[०] = [१] * २० असं लिहिलं की जुन्या रांगेला हातच लागत नाही; पहिल्या स्थानी वेगळी यादी येऊन बसते. म्हणून सगळं सुरळीत दिसतं. क-७ विकल्यावर उरलेल्या १९९ जागा तशाच आहेत का, हे कुणी विचारत नाही.

१२ तास बाकी : रात्री १०:००

सहकारी कोड तपासतो. [०] * २० त्याच्या रोजच्या वापरातलं आहे आणि ते निर्धोक आहे, कारण पायथॉनमध्ये अंक आतून बदलत नाही. त्याच्या जागी दुसरा अंक ठेवला जातो. यादी मात्र आतून बदलते. गुणाकाराचं चिन्ह दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे फरक नजरेत भरत नाही. मंजुरी मिळते.

१५ मिनिटं बाकी : सकाळी ९:४५

खबरदारी म्हणून बॅकअप घेतला जातो : बॅकअप = तक्ता[:]. ही उथळ प्रत. बाहेरची यादी नवी, आतले दहाही पत्ते जुनेच. डीपकॉपी वापरली असती तर प्रत मूळ तक्त्यापासून सुटली असती. पण डीपकॉपी आतली भागीदारीही इमानानं जपते. नव्या प्रतीतही दहा स्थानांवर एकच रांग राहिली असती.

शून्य : सकाळी १०:००

बुकिंग उघडतं. पहिला प्रेक्षक क-७ घेतो आणि दहाही रांगांतली ७ नंबरची खुर्ची बंद होते. एका तिकिटामागे दहा जागा जातात. वीस तिकिटं खपतात आणि साइटवर हाऊसफुल्ल झळकतं. १८० खुर्च्या कुणीच घेतलेल्या नाहीत.

२० मिनिटांनंतर : सकाळी १०:२०

फोन सुरू होतात. बुकिंग सांभाळणारा ग-७ हातानं खुली करतो. त्याबरोबर विकलेली क-७ही खुली होते आणि दुसऱ्यांदा विकली जाते. आता दोन माणसांकडे एकाच खुर्चीचं तिकीट आहे. बॅकअप उघडावा, तर त्यातही हाच गोंधळ उतरलेला.

४० मिनिटांनंतर : सकाळी १०:४०

बुकिंग थांबवून ओळ बदलली जाते : [[०] * २० फॉर _ इन रेंज(१०)]. लूपच्या प्रत्येक फेरीत आतली यादी नव्यानं बनते आणि दहा रांगा खरोखर दहा होतात. हा सापळा एकट्या पायथॉनचा नाही. जावास्क्रिप्टमधलं ॲरे(१०).फिल([]) आणि रूबीतलं ॲरे.न्यू(१०, []) हेही एकच यादी दहा ठिकाणी ठेवतात.

जे बदलायला हवं ते बदललं का, हे सगळेच तपासतात. जे बदलायला नको ते शाबूत राहिलं का, हेही तितक्याच कसोशीनं तपासायला हवं, आणि यादीत यादी शिकवताना त्याच धड्यात हे शिकवायला हवं. त्याला दोन ओळी पुरतात : एक जागा विका आणि अख्ख्या तक्त्याची बेरीज १ येते का पाहा. इथे ती १० आली असती, आदल्या संध्याकाळी ७ वाजताच, एकही तिकीट विकलं जाण्याआधी.