जंगलातला जमाखर्च

निसर्गाशी माझा संबंध तसा जुना आहे. आमच्या बँकेच्या कॅलेंडरावर बारा महिने बारा धबधबे असतात, आणि ते मी रोज दहा ते पाच न्याहाळत आलो आहे. घरी गॅलरीत एक तुळस आहे. तीही आईच्या नावावर.

असा माणूस ‘वॉल्डन’सारख्या पुस्तकाच्या वाटेला स्वतःहून जात नाही. पण चिरंजीवांना शाळेतून सुट्टीचा अभ्यास मिळाला: निसर्गावरचं एखादं पुस्तक वाचा आणि चार पानं लिहा. आमच्याकडे मुलांचा अभ्यास हा नेहमी वडिलांचाच असतो. मी वाचनालयात गेलो. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलेलं आहे, हे मला ऐकून माहीत होतं. पण ती प्रत दुसऱ्या कुणी नेलेली. तेव्हा मूळ इंग्रजी पुस्तक काखोटीला मारून घरी आलो.

पुस्तक उघडलं आणि दचकलोच. पहिल्या प्रकरणाचं नावच ‘इकॉनॉमी’! अनोळखी गावात एस.टी.तून उतरावं आणि समोर आपलाच हेडक्लार्क उभा असावा, तसं झालं. पानं उलटतो तो काय, आत चक्क जमाखर्च. मग मात्र मी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि निसर्ग बाजूला ठेवून बेरजेला बसलो.

हकीगत अशी. हेन्री डेव्हिड थोरो हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला, कॉनकॉर्ड गावचा. 1837 साली हार्वर्डमधून पदवीधर झालेला. वडिलांचा पेन्सिलींचा कारखाना होता आणि ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून पेन्सिल सुधारण्यात या पोराचाच हात होता. म्हणजे घरचा धंदा, हुशार मुलगा. आमच्या आईच्या शब्दांत सांगायचं तर ‘सगळं सुरळीत होतं’. पण 1845 साली त्यानं शेजाऱ्याकडून कुऱ्हाड उसनी आणली आणि इमर्सन या लेखकमित्राच्या जागेत, वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी, दहा फूट बाय पंधरा फुटांची एक खोली बांधली. 4 जुलैला तो तिथं राहायला गेला. 6 सप्टेंबर 1847 पर्यंत राहिला.

त्या खोलीचा खर्च त्यानं छापून ठेवला आहे. फळ्या 8 डॉलर साडेतीन सेंट. दोन सेकंडहँड खिडक्या 2 डॉलर 43 सेंट. हजार जुन्या विटा 4 डॉलर. खिळे 3 डॉलर 90. कडी 10 सेंट. खडू 1 सेंट. असं करत एकूण 28 डॉलर साडेबारा सेंट. मी ही बेरीज तीनदा मारली. अर्ध्या सेंटाचाही फरक नाही! गेल्या वीस वर्षांत माझ्या टेबलावर पहिल्या फटक्यात टॅली झालेला कागद मी पाहिलेला नाही. या गृहस्थाबद्दल मला तिथंच आदर वाटू लागला.

बरं, आकडे नुसते हौसेचे नाहीत. तो म्हणतो की हार्वर्डच्या विद्यार्थ्याला राहायच्या खोलीचं एका वर्षाचं भाडंच 30 डॉलर पडतं. त्या भागात साधं घर 800 डॉलरला होतं, आणि तेवढे पैसे साठवायला मजुराला दहा ते पंधरा वर्षं लागत. वस्तूची किंमत त्यानं पैशात मोजली नाही. तिच्यापायी आयुष्य किती गेलं त्यात मोजली. हे वाचून मी उगाच आमच्या छताकडे पाहिलं. या दोन खोल्यांचं कर्ज वीस वर्षांचं आहे. बँकेतला असल्यामुळे मला व्याज थोडं कमी पडतं. आयुष्य मात्र सगळ्यांइतकंच पडतं.

एव्हाना घरात पुस्तकाच्या वाटण्या झाल्या होत्या. लाल आणि काळ्या मुंग्यांची लढाई चिरंजीवांनी घेतली. चार पानांपैकी साडेतीन पानं त्यांना त्या लढाईवर लिहायची होती. आईला घेवड्याच्या शेंगांचं प्रकरण वाचून दाखवलं. या माणसाच्या घेवड्याच्या ओळी एकापुढे एक ठेवल्या तर सात मैल भरत. ‘एकट्या जिवाला एवढा घेवडा कशाला?’ आईनं विचारलं. मी सांगितलं, विकायला. वर्षाचं शेतीचं उत्पन्न 23 डॉलर 44 सेंट आणि खर्च 14 डॉलर साडेबाहत्तर सेंट. ‘मग ठीक आहे,’ म्हणून आईनं थोरोला पास केलं.

पुस्तकांच्या व्यवहारात मात्र हा पार बुडाला. तळ्याकाठी राहून त्यानं नदीवरच्या एका प्रवासाचं पुस्तक लिहिलं. ते 1849 साली निघालं, छपाईचा भार याच्याच डोक्यावर. प्रती हजार. 1853 साली प्रकाशकानं उरलेल्या 706 प्रती गाडीत घालून घरी पाठवल्या. 75 फुकट वाटल्या होत्या. उरल्या 219, तेवढ्या खपल्या. खिशातून गेले 290 डॉलर. याने ते गठ्ठे दोन जिने चढून माळ्यावर नेले आणि डायरीत थट्टा केली की आता माझ्या संग्रहात जवळपास नऊशे पुस्तकं आहेत, त्यांतली सातशेवर मीच लिहिलेली आहेत. पुढच्याच वर्षी, 1854 च्या ऑगस्टमध्ये, ‘वॉल्डन’ आलं. किंमत 1 डॉलर, प्रती दोन हजार. त्या खपायला पाचेक वर्षं लागली. 1862 साली थोरो क्षयानं गेला तेव्हा 44 वर्षांचा होता. माझ्याहून एका वर्षानं लहान.

आणि तरी हा माणूस आपल्याकडे पोचला. तळ्याकाठी राहत असतानाच, 1846 साली, कर भरायचा नाही म्हणून तो एक रात्र तुरुंगात गेला. त्यावर त्यानं जो निबंध लिहिला, तो गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला आणि 1907 साली आपल्या ‘इंडियन ओपिनियन’मधून वाचकांपुढे ठेवला. हिशेबाच्या वहीत न दिसणारं असंही काही उत्पन्न असतं म्हणायचं.

इतकं सगळं मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी रंगात येऊन सांगत होतो. शेवटी त्याचा एकूण ताळेबंदच वाचून दाखवला. घर, शेती, आठ महिन्यांचं अन्न, कपडे, दिव्याचं तेल मिळून खर्च 61 डॉलर पावणेशंभर सेंट. जमा 36 डॉलर 78. तूट 25 डॉलर पावणेबावीस सेंट, आणि साधारण तेवढ्याच भांडवलावर तो निघाला होता. ‘सगळं धरलंय,’ मी म्हणालो, ‘फक्त एक सोडून. धुणं आणि शिवण-टिपण बहुतेक घराबाहेर होत असे, आणि त्याची बिलं अजून आलेली नाहीत असं तो लिहितो.’

सौ. आमटी वाढता वाढता थांबली.

‘अहो, बिलं आली नाहीत म्हणजे? धूत कोण होतं?’

मी पुन्हा पान पाहिलं. नाव नव्हतं. कुठलाही ऑडिटर इथं लाल शाईनं लिहील: ‘देय रकमेची तरतूद केलेली नाही.’ तळ्यापासून दीडेक मैलावर गावात त्याचं घर होतं. घरात आई होती, दोन बहिणी होत्या. एवढंच इतिहास सांगतो. त्यांतल्या सोफिया या धाकट्या बहिणीनं भाऊ गेल्यावर त्याचे कागद सांभाळले, आणि 1863, 1864 साली त्याची जी पुस्तकं निघाली त्यांची छपाईसाठी तयारी करण्यात तिचा मोठा वाटा होता. त्याचंही बिल आल्याची नोंद नाही.

हे सांगितल्यावर सौ. एवढंच म्हणाली, ‘हं,’ आणि भात वाढला. त्या ‘हं’मध्ये सात मैल घेवडा मावला असता.

रात्री मी घरखर्चाची वही काढली. दूध, वीज, शाळेची फी, कर्जाचा हप्ता. दर महिन्याला पैशापर्यंत जमवलेला हिशेब. सोळा वर्षांच्या वह्यांत धुणं, स्वयंपाक, आईची औषधांची वेळ, असला एकही खर्च नव्हता. मी तळाशी एक ओळ घातली: ‘धुलाई वगैरे — बिल अद्याप आलेले नाही.’

सकाळी त्या ओळीखाली सौ.च्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘येईल. व्याजासकट.’

मी वही मिटली आणि बँकेत जायच्या आधी दोरीवरचे कपडे काढले. घड्या घातल्या. त्या तिनं नंतर सगळ्या पुन्हा घातल्या, हा भाग वेगळा.