साडेअकरा पौंडांचा हिशेब

बाबासाहेबांचा सूटबुटातला फोटो आपल्या घराघरात आहे. तो कोट कुठल्या उपाशीपणातनं आला, याचं गणित मात्र कुणी मांडत नाही. जयंतीला वक्ता उठतो, कोलंबिया, लंडन, ग्रेज इन अशी नावं धडाधडा घेतो, पदव्या मोजतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. दोस्तहो, पदव्यांची यादी म्हणजे इतिहास नव्हे. महिन्याला पैसे किती होते, कुणाचे होते, संपले तेव्हा काय झालं, तिथनं इतिहास सुरू होतो.

४ जून १९१३ ला बडोदा संस्थानाशी करार झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी. रामजी सुभेदार त्याच सालच्या २ फेब्रुवारीला वारले होते. यशवंत सहा महिन्यांचा. असं घर मागं टाकून बावीस वर्षांचा पोरगा जुलैत न्यूयॉर्कला उतरला.

पहिले काही महिने गडी हुंदडला. खेळ, नाटकं, दोस्तमंडळी. हे चरित्रकारांनी लिहून ठेवलंय, आणि आपण ते लपवायचं कारण नाही. ज्याला साताऱ्याच्या शाळेत स्वतःचं गोणपाट घेऊन कोपऱ्यात बसावं लागलं, शिपायानं नळ सोडला तरच पाणी मिळालं, त्याला तिथं कुणी जात विचारीना. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी दोस्ताबरोबर एका खोलीत राहणं. सगळ्यांच्या टेबलावर जेवण. माणूस हरखणारच. मग एकदा बसला तो बसलाच. अर्थशास्त्राचे एकोणतीस कोर्स, वर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे मास्तर. त्याच साडेअकरा पौंडांतनं घरीही पाठवायचे आणि जुनी पुस्तकंही घ्यायची.

९ मे १९१६ ला गोल्डनवायझरच्या सेमिनारमध्ये त्यांनी जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यानं, हे तिथं मांडलं. पंचवीस वर्षांचं वय. जातीबाहेर उभं राहिल्यावर जात कशी दिसते ते त्यांनी पाहिलं, असं मला वाटतं. गावकुसाबाहेर राहणं निराळं. तिथनं फक्त तिचा मार दिसतो.

पण या मोकळेपणाची एक बाजू आपण बोलत नाही. पाच वर्षांच्या परदेशवासानं आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती, असं त्यांनी पुढं स्वतः नोंदवलंय. १९१७ च्या उन्हाळ्यात स्कॉलरशिप संपली. लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू. पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीनं येत होतं, ती बोट पाणबुडीनं बुडवली. आणि बडोद्यात उतरल्यावर पहिला प्रश्न, राहायचं कुठं? हॉटेल नाही, खोली नाही. पारशी धर्मशाळेत खोटं पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे. एक हिंदू दोस्त, एक ख्रिस्ती दोस्त, दोघांनीही हात वर केले. कोलंबियाचा एम.ए., कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला आला. शिक्षणानं माणूस वाढतो म्हणतात. वाढला खरा. पण वाढलेला माणूस मावेल एवढं दार सबंध बडोदा शहरात नव्हतं.

यानंतर दुसरा कुणी गप नोकरीला लागला असता. हे सिडनेहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, १९१८ च्या नोव्हेंबरात, आणि पगारातनं पैसे साठवायला लागले. परत जायचं म्हणून. जुलै १९२० ला गेले. साठवलेलं थोडं, शाहू महाराजांची थोडी मदत आणि नवल भथेनांकडनं पाच हजार कर्ज. काठ्या घेऊन आले ते पारशी, हे खरं. पाच हजार देणारा नवलही पारशीच.

आता लंडनचा हिशेब. सकाळी माशाचा तुकडा, एक टोस्ट, चहा. त्यावर दिवसभर म्युझियमच्या लायब्ररीत, बंद होईस्तोवर. रात्री कपभर बोव्हरील आणि बिस्किटं. मध्यरात्रीकडं भुकेनं आतडी पिळली की ओळखीच्यानं दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे. १९२१ ला एम.एस्सी. मग रुपयावरचा प्रबंध. त्यात इंग्रजांच्या चलननीतीचं माप काढलेलं, केन्ससारख्यालाही विरोध केलेला. परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितलं. तोवर पैसे संपले. एप्रिल १९२३ ला मुंबईला आले, इथं बसून दुरुस्त केला, पाठवला, आणि डी.एस्सी. मिळाली.

इकडं परळच्या चाळीत रमाई. तिच्या हिशेबाची वही कुणी ठेवली नाही. शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, असं आपल्या बाया सांगतात. पाच लेकरांतली चार गेली. १९३५ च्या मे महिन्यात तीही गेली. लंडनच्या पापडाचं कौतुक चरित्रात येतं. चाळीतल्या चुलीवर त्या दिवशी काय होतं, ते येत नाही. परदेशी शिक्षणाचा खर्च साडेअकरा पौंड नव्हता, बाबांनो. निम्मा खर्च तिच्या नावावर पडलाय.

आज आपली पोरं सरकारी स्कॉलरशिपवर परदेशी जातात, बरं वाटतं. लंडनचं किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ ला विकत घेतलं, तेही बरं झालं. पण २०२२ च्या फेब्रुवारीत दिल्लीनं नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमात एक कलम घातलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, या विषयांना पैसे मिळणार नाहीत. कारण काय, तर त्याची साधनं भारतातच आहेत. म्हणजे ९ मे १९१६ चा तो निबंध घेऊन कुणी पोरगी या खिडकीवर गेली असती, तर तिचा अर्ज तिथंच परत आला असता.

१९१३ च्या बडोद्याच्या करारात विषय लिहिले होते दोन. एक फायनान्स. दुसरा समाजशास्त्र.