न फुटणारी लाट: आपल्या समुद्रातली आंग्रिया बँक

भर पावसात रत्नागिरीच्या मांडवीला उभं राहून लाटा पाहिल्यात ना? तेव्हा ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, "व्हिडिओत असतं तसलं सर्फिंग आपल्याकडे का नाही रे?" आज त्याचं उत्तर शोधू. त्यासाठी किनारा सोडून बरंच आत जायचंय.

विजयदुर्गपासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटर. १९८१ पर्यंत विजयदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता, त्यामुळे हा आपलाच समुद्र. तिथे पाण्याखाली एक पठार आहे, सुमारे ४० किलोमीटर लांब आणि त्यावर प्रवाळ. नाव आंग्रिया बँक. पैशांची बँक नव्हे हं! समुद्रातल्या अशा उंचवट्याला बँक म्हणतात. नाव आलंय कान्होजी आंग्रे यांच्यावरून. १७२० मध्ये इंग्रज विजयदुर्गावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. त्याच इंग्रजांच्या नकाशांनी हे नाव जपलं.

आता अमेरिकेत जाऊ. कॅलिफोर्नियापासून याहूनही दूर भर समुद्रात कॉर्टेस बँक आहे. तिथला बिशप रॉक पाण्याखाली जेमतेम एक-दोन मीटरवर. १९८५ मध्ये एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका त्याला धडकली! १९ जानेवारी २००१ ला काही सर्फर जेट स्की घेऊन तिथे पोहोचले. माइक पार्सन्सने ६६ फुटांची लाट पकडली आणि त्या वर्षीचं ६० हजार डॉलरचं बक्षीस जिंकलं. ओसाड खडक जगभर गाजला.

मग आंग्रिया बँकेवर असं का होत नाही? गणित सोपं आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की लाट फुटते. आंग्रिया बँकेचा उथळ भागही सुमारे २० मीटर खोल. म्हणजे लाट १५ मीटरच्या वर हवी, पाच मजली इमारतीएवढी! त्यामुळे लाटा वरून निघून जातात आणि खाली प्रवाळ, मासे, कासवं यांचं जग शांतपणे चालू राहतं.

पण गोची इथेच आहे. जे दिसत नाही, त्याची आठवण कोण ठेवणार? आपली प्रादेशिक हद्द १२ सागरी मैल, म्हणजे जेमतेम २२ किलोमीटर. ही जागा त्याच्या कितीतरी पलीकडे, म्हणून किनाऱ्याजवळचे संरक्षणाचे नियम तिथे थेट लावता येत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन पाहणी केली. २०२० मध्ये राज्य सरकारने या जागेला खास संरक्षण देण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. तो केंद्राच्या सागरी कायद्याखाली, कारण तिथे राज्याची सत्ता पोहोचत नाही.

कॉर्टेसची गोष्ट सर्फरांनी जगाला सांगितली. आपल्या बँकेची गोष्ट कोण सांगणार? पुढच्या वेळी मिरकरवाड्याला मासळी आणायला गेलात, की एखाद्या जुन्या तांडेलाला विचारा, "काका, त्या जागेला तुमच्याकडे काय म्हणतात?" जे उत्तर मिळेल, ते आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!