वऱ्हाडातील वनस्पतिजन्य वंगण आणि धातूंची दुहेरी भूमिका : वाशीम परिसराच्या संदर्भात

वाशीमचा इतिहास सहसा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेपासून सांगितला जातो आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यापर्यंत आणून संपविला जातो. ज्या बैलगाड्यांनी या प्रदेशाचा कापूस बाजारात नेला, त्यांच्या आसाला लागणाऱ्या तेलाची दखल या कथनात क्वचितच घेतली जाते. खनिज वंगण येण्यापूर्वी लोखंडी आस व चाकाचा तुंबा यांच्यातील घर्षण एरंडेल किंवा करंजाच्या तेलाने कमी केले जाई. गाडीखाली लोंबणारे बांबूचे नळकांडे हे त्याचे साधन होते. चाकातून गळालेले तेल मातीत मुरे आणि सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडत. जैवविघटनशीलता हा शब्द नवा आहे. गुण जुनाच आहे.

तेलांची निवडही अनुभवसिद्ध होती. जवसाचे तेल हवेत सुकून पापुद्रा धरते, म्हणून ते रंगासाठी वापरले गेले. एरंडेल तसे सुकत नाही. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असते व त्यातील हायड्रॉक्सिल गटामुळे हे तेल दाट राहते आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनांत हेच तेल वापरले जाई. इंधनात खनिज तेल विरघळून पातळ होई, एरंडेल सहसा विरघळत नसे. वंगण म्हणून ते हलके होते, असे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

मग वनस्पतिजन्य वंगण मागे का पडले? खनिज तेलाची सुलभता व स्वस्ताई हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. वनस्पती तेलातील मेदाम्लांच्या दुहेरी बंधांवर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होऊन तेल चिकट होते. या क्रियेला लोह आणि तांबे गती देतात. म्हणजे ज्या धातूचे रक्षण करावयाचे, तोच तेलाच्या नाशाचा उत्प्रेरक ठरतो! रंगाच्या धंद्यात शिसे, मँगनीज व कोबाल्ट यांची संयुगे जवसाचे तेल लवकर सुकावे म्हणून मुद्दाम मिसळली जात, हे याच गुणाचे दुसरे रूप होय.

धातूची दुसरी भूमिका याच सुमारास उलगडली. फ्रान्समध्ये पॉल साबातिए यांनी १८९७ पासून निकेलच्या साहाय्याने हायड्रोजनीकरणाचा अभ्यास केला आणि जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये ते द्रव तेलांना लागू केले. दुहेरी बंध कमी झाले की तेल टिकाऊ होते. प्रमाण बिघडल्यास मात्र थिजते. भारतात या शोधाची ओळख वनस्पती तुपाच्या डब्यातून झाली. वंगणाच्या दृष्टीने त्याकडे फारसे पाहिले गेले नाही, ही उणीव नोंदविण्यासारखी आहे.

महाराष्ट्रातील उल्लेखनीय प्रयत्न पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला. डी. श्रीनिवास व पॉल रत्नसामी यांच्या गटाने २००६ मध्ये लोह-जस्त द्विधातू सायनाइड या घन उत्प्रेरकावरील संशोधन प्रसिद्ध केले. तेलातील ग्लिसरॉलच्या जागी लांब साखळीचे अल्कोहोल बसवून वंगणयोग्य एस्टर त्यातून मिळतात. या उत्प्रेरकाचा पृष्ठभाग पाणी दूर ठेवणारा आहे. नेहमीच्या अल्कलीय उत्प्रेरकाने तेलातील मुक्त मेदाम्लांचा साबण होतो. येथे ती अडचण येत नाही आणि क्रियेनंतर घन पदार्थ गाळून वेगळा करता येतो.

ग्रामीण घाण्यावरील न शुद्ध केलेल्या तेलाला हा फरक निर्णायक ठरू शकतो. करंजाच्या तेलात मुक्त मेदाम्ले बरीच असतात. ते खाद्य नसल्याने स्वयंपाकघराशी त्याची स्पर्धाही नाही. जिल्ह्यातील कारंजा या गावाचे नाव परंपरा करंज ऋषींशी जोडते. वृक्षाशी असलेले नामसाम्य मात्र लक्ष वेधते.

परंतु वाशीमच्या शेतात आज मुख्यत्वे सोयाबीन उभे असते. त्याच्या तेलातील निम्म्याहून अधिक मेदाम्ले बहुअसंतृप्त असतात. एस्टर बदलल्याने त्यांचे दुहेरी बंध जात नाहीत. त्यासाठी पुन्हा निकेल आणि हायड्रोजनकडेच वळावे लागते, आणि तो दाबाखालील खर्चिक कारखाना गावच्या घाण्याच्या आवाक्यातला नव्हे.