स्वच्छ आणि नितळ : इलेक्ट्रिक गिटारच्या नादाविषयी

‘क्लीन टोन’ या शब्दप्रयोगाला मराठी प्रतिशब्द शोधताना आम्ही अडखळलो. कपडा स्वच्छ असतो, पाणी नितळ असते. पहिल्या शब्दात मळ काढून टाकल्याची जाणीव आहे, दुसऱ्यात तळापर्यंत दिसण्याची. इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात हे दोन गुण एकमेकांपासून विलग झालेले दिसतात. आणि तेही १९५० ते १९५७ या अवघ्या सात वर्षांत.

विजेची गिटार जन्मली ती मोठ्या आवाजाच्या गरजेपोटी. नृत्यवृंदातील तुताऱ्या-सॅक्सोफोनांपुढे साधी गिटार ऐकूच येत नसे. गिब्सन कंपनीने १९३६ साली ‘ईएस-१५०’ हे पोकळ अंगाचे वाद्य आणले. १९३९ पासून बेनी गुडमनच्या वृंदात चार्ली ख्रिश्चनने त्यावर एकल वादन करून गिटारला त्या वाद्यांच्या पंक्तीत बसवले. मात्र आवाज फार वाढवला की पोकळ पेटी ध्वनिवर्धकाच्या नादानेच कंप पावे आणि सारे वाद्य घुमू लागे.

रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून पुढे आलेल्या लिओ फेंडर यांनी ती पेटीच रद्द केली. स्वतः गिटार न वाजवणाऱ्या या गृहस्थांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार तयार केली. १९५१ पासून ती ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली जाते. तिच्या घोडीपाशी एकाच वेटोळ्याचे पिकअप तिरके बसवलेले असते. घोडीजवळ तारेचे आंदोलन लहान, पण मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उंच उपस्वरांचे प्रमाण अधिक. त्यामुळे टेलिकास्टरचा नाद धारदार होतो आणि स्वरसमूहातली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. हा नाद नितळ खरा, पण स्वच्छ नव्हे. एकेरी वेटोळे तारेबरोबरच भोवतालच्या विजेची गुणगुणही टिपून घेते.

ती गुणगुण घालवण्याचा मार्ग गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी शोधला. पेटंटसाठी अर्ज केला १९५५ साली. त्यांनी दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडली आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवले. बाहेरची गुणगुण दोहोंत विरुद्ध होऊन मिटते, तारेचे कंपन मात्र दुणावते. १९५७ पासून हे ‘हंबकर’ पिकअप लेस पॉल गिटारवर आले. पण दोन वेटोळी मिळून तारेचा अधिक रुंद भाग ऐकतात. ज्या उपस्वरांच्या लहरी आखूड असतात, ते त्या रुंदीत परस्परांना खोडू लागतात. जोडलेल्या वेटोळ्यांच्या विद्युत्गुणांमुळेही वरची धार मावळते. उरतो तो गोलसर, उबदार, काहीसा गडद नाद. जाझ वादकांना तो प्रिय झाला, हेही विसरता येत नाही.

तिसरे उदाहरण याहून बोलके आहे. फेंडरच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप होते व ते निवडणाऱ्या कळीला तीनच जागा. वादकांनी कळ दोन जागांच्या मधे अडकवून पाहिली. दोन पिकअप एकत्र वाजून काही उपस्वर खोडले जात आणि पोकळ, घंटेसारखा नाद निघे. कारखान्याने पाच जागांची कळ दिली ती १९७७ मध्ये. मार्क नॉफ्लरने १९७८ च्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’मध्ये हाच मधल्या जागेचा नाद जगाला ऐकवला. निर्मात्याने न योजलेला हा नाद आज ‘क्लीन’चा आदर्श मानला जातो.

भाषेचे अध्यापन करणाऱ्या आम्हांला या इतिहासाने थोडे अस्वस्थ केले. विद्यार्थ्यांच्या निबंधावर लाल शाई चालवताना आम्ही गुणगुण काढत असतो, आणि ते आवश्यकही असते. परंतु परत दिलेला निबंध वाचताना कधीकधी जाणवते, की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबरोबर त्या मुलाच्या बोलीतली एखादी धारदार तारही निमाली आहे. कोणते दोष काढायचे हे ठरवताना, त्यांच्यासोबत काय जाईल हेही लव्हर यांच्या वेटोळ्यांपाशी थांबून ऐकायला हवे.