परवाना बंदुकीचा, प्रश्न संघटनेचा

शेतराखणीसाठी शस्त्र बाळगणाऱ्याने शस्त्रहक्कवादी संघटनांना बळ द्यावे काय?

शेंदूरजनाघाट (प्रतिनिधी) : सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्यासाठी आणि संत्र्याच्या कलमांसाठी विदर्भात सर्वदूर परिचित आहे. जंबेरीच्या खुंटावर बांधलेले कलम शेतात लावल्यापासून झाड बहरावर येईपर्यंत काही वर्षे जातात. एवढ्या वर्षांची मेहनत एका रात्रीत रानडुकरांनी उकरून टाकावी किंवा रोह्यांच्या कळपाने पालवी ओरबाडावी, हा या पट्ट्यातील शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव. गोफण, फटाके, झटका मशीन, रात्रीची जागल हे सारे उपाय करून झाले की बंदुकीच्या परवान्याचा विषय निघतो. परवाना मिळाला, की त्याच्याबरोबर नूतनीकरण, निवडणुकीत शस्त्र जमा करणे, पोलिसांची पडताळणी हे सोपस्कारही येतात. अशा परवानाधारकाच्या वतीने बोलण्याचा दावा करणाऱ्या संघटना आज देशात आहेत. त्यांच्या पाठीशी उभे राहावे काय, हा प्रश्न वरकरणी अमेरिकी वाटला तरी वऱ्हाडातील शेतकऱ्यालाही तो लागू पडतो. त्याचे उत्तर मात्र भारतीय कायद्यात आणि इतिहासातच शोधावे लागते.

हक्क की परवानगी?

शस्त्रांवरील निर्बंध हा एके काळी राष्ट्रीय चळवळीचा विषय होता. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये शस्त्र कायदा संमत झाला. भारतीयांना परवान्याची सक्ती आणि युरोपीयांना सूट, हा भेदभाव त्यात उघड होता. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला. लोकमान्य टिळकांनी त्यावर टीका केली. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही १९१८ मधील सैन्यभरतीच्या आवाहनात या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता.

तरीही स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत हा हक्क आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले सदस्य होते, हा योगायोग वऱ्हाडच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दुरुस्तीला विरोध केला. असा सरसकट हक्क दिला तर चोर व गुन्हेगारही त्यावर दावा सांगतील, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. आज घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख येतो तो वेगळ्याच संदर्भात. नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, मात्र तो शांततेने आणि विनाशस्त्र. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची दखल घेताना सर्वोच्च न्यायालयानेही, अमेरिकेप्रमाणे भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, याकडे लक्ष वेधले.

याचा अर्थ परवाना ही केवळ अधिकाऱ्याची मर्जी आहे, असा मात्र नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ नुसार पीकसंरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे वाटल्यास अधिकारी अन्य गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. कलम १४ नुसार अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ नुसार त्याविरुद्ध अपील करता येते. म्हणजेच घटनात्मक हक्क नसला तरी न्याय्य वागणुकीचा कायदेशीर हक्क आहे. संघटनेची उपयुक्तता तपासायची ती याच चौकटीत.

संघटनांचे वास्तव

भारतात शस्त्रधारकांशी संबंधित संस्थांचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिला क्रीडासंस्थांचा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यातील शिखर संस्था. नावात साम्य असले तरी अमेरिकेतील संस्थेप्रमाणे ती राजकीय दबावगट नाही, नेमबाजी हेच तिचे क्षेत्र. दुसरा प्रकार हक्कवादी संघटनांचा. २०१० च्या सुमारास, केंद्रीय गृहमंत्रालयाने परवाना धोरण कडक करण्याचे प्रस्ताव पुढे आणल्यानंतर, ‘नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया’ ही संघटना पुढे आली. आत्मसंरक्षण, परवानाप्रक्रियेतील दिरंगाई आणि नियमांतील जाचक अटी हे तिच्या मांडणीतील मुख्य विषय.

संघटित आवाजाचा परिणाम होतो, हे २०१९ मध्ये दिसले. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात संसदेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात एका व्यक्तीला तीनऐवजी एकच शस्त्र ठेवता येईल अशी तरतूद होती. नेमबाज, परवानाधारक आणि विविध पक्षांच्या खासदारांनी आक्षेप घेतले. डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्यात ही मर्यादा दोन शस्त्रांवर आली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, तर क्रीडा नेमबाजांना २०२० मध्ये जादा शस्त्रांची मुभा देण्यात आली.

परंतु या लढ्याचा लाभ कोणाला झाला, हेही पाहिले पाहिजे. तीन शस्त्रे की दोन, हा वाद संग्राहकांचा, वारशाने बंदुका मिळालेल्या घराण्यांचा आणि नेमबाजांचा होता. शेतराखणीसाठी जेमतेम एक बंदूक बाळगणाऱ्याला त्यातून हाती लागली ती वाढीव मुदत, म्हणजे नूतनीकरणासाठी कमी हेलपाटे. ती सवलतही मूळ विधेयकाचाच भाग होती.

शेतकऱ्याची खरी अडचण

वरुड परिसरातील परवानाधारकाची सर्वांत मोठी अडचण शस्त्र कायद्यात नसून वन्यजीव कायद्यात आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेला प्राणी मारण्यासाठी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व नीलगाय म्हणजेच रोही हे प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय गोळी झाडली तर परवानाधारक हा शिकारीचा आरोपी ठरतो. मेलेले जनावरही सरकारची मालमत्ता असते. अभयारण्याच्या १० किलोमीटर परिघातील शस्त्रधारकांना कलम ३४ नुसार वनविभागाकडे नाव नोंदवावे लागते, आणि तेथे नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते.

साहजिकच ‘बंदूक ठेवू द्या’ एवढी मागणी या शेतकऱ्याला पुरेशी नाही. त्याला हवी आहे ती वेळेत मिळणारी वनविभागाची परवानगी, पीकहानीची तत्पर भरपाई आणि कुंपणासाठी साहाय्य. शस्त्रहक्कवादी संघटनांच्या अजेंड्यावर हे विषय क्वचितच अग्रस्थानी असतात. केरळचे उदाहरण येथे बोलके आहे. त्या राज्याने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना, उपद्रवी रानडुकरे परवानाधारक व्यक्तींकडून मारून घेण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले. त्यामागे प्रामुख्याने शेतकऱ्यांचा दबाव होता. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील रानडुकरे मारण्यावरून जून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर वाद झाला होता. त्या वादातही एका बाजूला प्राणीप्रेमी व दुसऱ्या बाजूला शेतकरी होते.

दुसरी अडचण निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रे पोलिसांत जमा करण्याचे आदेश येतात. विधानसभेच्या २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाल्या. नेमका हाच काळ आंबिया बहाराची फळे झाडावर आणि तूर शेतात उभी असण्याचा. या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढील एका परवानाधारकाच्या याचिकेतून २००९ मध्ये महत्त्वाचे मार्गदर्शन मिळाले. सरसकट जप्तीऐवजी छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून निर्णय घ्यावा, हे तत्त्व त्यातून पुढे आले. मोठ्या संघटनेच्या घोषणांपेक्षा एका नेमक्या याचिकेने अधिक साधले, असा याचा अर्थ लावता येईल. मात्र अशी याचिका चालविण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही, हेही तितकेच खरे. संघटनेची गरज उभी राहते ती येथेच.

पाठिंब्याच्या बाजूने, विरोधात

पाठिंब्याच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा प्रतिनिधित्वाचा आहे. नियमांचे मसुदे प्रसिद्ध होतात, हरकती मागविल्या जातात, तेव्हा ज्याचा आवाज पोहोचतो त्याचाच विचार होतो. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडवा समाजाला व जम्मा जमीनधारकांना परवान्यातून मिळालेली पूर्वापार सूट २०१९ मध्ये आणखी १० वर्षांसाठी वाढविण्यात आली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. समाज संघटित असल्याखेरीज अशी सूट दीर्घकाळ टिकणे अवघड होते. शिवाय परवाना मिळण्याची सरळ वाट बंद झाली तर गावठी कट्टे, भरमार बंदुका आणि शेताच्या कुंपणात सोडलेला जिवंत वीजप्रवाह या जीवघेण्या मार्गांकडे माणसे वळतात, हा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

विरोधातील मुद्देही तितकेच वजनदार आहेत. शस्त्र घरात आले की त्याचा धोकाही घरात येतो. कौटुंबिक कलह, नैराश्य किंवा मुलांचे कुतूहल यांत बंदूक हाताशी असणे घातक ठरते. कर्जबाजारीपणाने आणि आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात हा विचार टाळता येणार नाही. लग्नसमारंभातील हवेत गोळीबाराचे प्रकार थांबविण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हींची तरतूद करावी लागली, ती उगाच नव्हे. ‘शस्त्र हा जन्मसिद्ध हक्क’ अशी भाषा करणाऱ्या संघटनेमागे गेल्यास, नियम पाळणारा शेतकरीही समाजाच्या नजरेत त्याच रांगेत जाऊन बसतो.

अमेरिकेचा अनुभवही सावध करणारा आहे. नेमबाजीचा दर्जा सुधारण्यासाठी १८७१ मध्ये स्थापन झालेली तेथील नॅशनल रायफल असोसिएशन १९७० च्या दशकात राजकीय दबावगट बनली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधील ज्युरीने तिचे दीर्घकाळचे प्रमुख वेन लापिएर यांना संस्थेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल जबाबदार धरले. सभासदांची वर्गणी कोठे जाते हे सभासदांनीच विचारले नाही तर काय होते, याचा हा धडा.

सभासद होण्यापूर्वी

घटनेने संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यामुळे परवानाधारकाने अशा संस्थेत जाणे यात गैर काही नाही. मात्र पावती फाडण्यापूर्वी पुढील बाबी तपासणे हिताचे ठरेल.

* संस्था नोंदणीकृत आहे काय आणि वार्षिक लेखापरीक्षित हिशेब सभासदांना दाखविते काय?
* तिच्या मागण्यांत पीकसंरक्षण परवाना, वनविभागाची परवानगी व निवडणूक काळातील छाननी यांना स्थान आहे काय?
* परवाना नाकारल्यास अपील, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा न्यायालयीन मदत ती प्रत्यक्ष करते काय?
* शस्त्र कुलपात ठेवणे, काडतुसे वेगळी ठेवणे आणि प्रशिक्षण घेणे याविषयी ती सभासदांकडून शिस्तीची अपेक्षा करते काय?
* ‘परवाना मिळवून देतो’ असे आमिष दाखवून कोणी पैसे मागत असेल तर ती संस्था नव्हे, दलाली समजावी.

या कसोट्यांवर उतरणारी संघटना मिळाली तर तिला बळ देण्यात परवानाधारकाचे हित आहे. न मिळाल्यास तालुका पातळीवर संत्रा उत्पादक आणि परवानाधारक यांनी एकत्र येऊन जिल्हाधिकारी, वनविभाग आणि पोलीस प्रशासनापुढे नेमक्या मागण्या ठेवणे अधिक फलदायी ठरू शकेल. शेंदूरजनाघाटच्या शेतकऱ्याला बंदुकीचा अभिमान मिरवायचा नाही, त्याला बाग वाचवायची आहे. ज्या संघटनेला हा फरक कळतो, तिलाच त्याची वर्गणी मागण्याचा अधिकार आहे.