ऑर्सन वेल्सचा 'ड्रॅक्युला': रेडिओला सापडलेली कादंबरी

११ जुलै १९३८ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस रेडिओवरून एक तासाची श्रुतिका थेट प्रसारित झाली. 'मर्क्युरी थिएटर ऑन द एअर' या मालिकेचा हा पहिला भाग. त्यासाठी ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी निवडली होती. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. ड्रॅक्युला आणि डॉक्टर सेवर्ड या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या.

या कादंबरीत सलग निवेदन करणारा लेखक नाही. सगळी गोष्ट रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणे आणि एका जहाजाची नोंदवही यांतून उलगडते. प्रत्येक पात्र आपापल्या तोंडाने बोलते. बोलत नाही तो फक्त ड्रॅक्युला, कारण त्याची रोजनिशीच नाही. १९३१ सालचा बेला लुगोसीचा प्रसिद्ध चित्रपट नाटकावरून बेतलेला होता, त्यामुळे ही रचना त्यात उरली नाही. वेल्सने ती परत आणली. सुरुवातीला या मालिकेचे नावच 'फर्स्ट पर्सन सिंग्युलर', म्हणजे प्रथमपुरुष एकवचन, असे होते. पत्र वाचणारा आवाज हळूहळू विरतो आणि ऐकणारा थेट प्रसंगात जाऊन पोहोचतो. रशियन कप्तानाची नोंदवही (आवाज रे कॉलिन्सचा) हा बहुधा श्रुतिकेतला सर्वांत अंगावर येणारा भाग. जहाजावरचे खलाशी एकेक करून नाहीसे होतात, आणि आपल्यापर्यंत पोहोचते ती फक्त त्या माणसाच्या आवाजातली वाढती भीती.

मूळ पुस्तकातही ध्वनिमुद्रण आहे, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. सेवर्ड आपली रोजनिशी लिहीत नाही. फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. मिना ती ऐकते आणि टाइप करून काढते. त्याच्या आवाजातले दुःख पुन्हा कुणाच्या कानावर पडू नये, कागदावर फक्त शब्द राहावेत, असे तिला वाटते. रेडिओने नेमके उलटे केले. कागदावरच्या शब्दांना आवाज परत दिला.

काटछाट अर्थातच झाली. एवढी जाड कादंबरी तासाभरात बसवताना आर्थर होमवुड आणि सेवर्ड यांचे मिळून एकच पात्र करावे लागले. इंग्लंडमधला भाग त्यामुळे काहीसा घाईत उरकल्यासारखा वाटतो. शेवट मात्र बदलूनही जमला आहे. पुस्तकात ड्रॅक्युलाला पुरुष मारतात. इथे शवपेटीतून येणारी त्याची हाक फक्त मिनाला ऐकू येते, आणि शेवटचा घावही तीच घालते. ती हाक सोबतच्या माणसांना ऐकू येत नाही, श्रोत्याला मात्र येते. म्हणजे त्या क्षणी श्रोता मिनाच्या डोक्यात असतो. पडद्यावर हे दाखवणे अवघड, रेडिओवर सहज. छातीत खुंटी ठोकल्याच्या आवाजासाठी आधी कोबी वापरून पाहिला, तो पसंत पडला नाही म्हणून कलिंगड आणले, असा किस्सा सांगतात.

संगीत बर्नार्ड हर्मनचे होते. पुढे हिचकॉकच्या 'सायको'लाही (१९६०) त्यानेच संगीत दिले. मिनाची भूमिका ॲग्नेस मूरहेडने केली होती, तर व्हॅन हेल्सिंगची मार्टिन गेबलने.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला याच मालिकेत 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' सादर झाले. त्यात पत्रांची जागा बातमीपत्रांनी घेतली होती. काही श्रोत्यांना ती बातमीपत्रे खरीच वाटली.